आमच्या घरातले प्रभावळकर

दिलीप प्रभावळकर नावाचा एकच नट आहे, हे आमच्या आजीने कधीही मनापासून मान्य केलं नाही.

तिचे प्रभावळकर म्हणजे चिमणराव. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ लागायचं, तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. दोन घरं सोडून एका काकूंकडे कृष्णधवल संच होता. त्याचं लाकडी शटर सरकलं की आम्ही पोरं सतरंजीवर, म्हाताऱ्या पलंगावर, दाराबाहेर चपलांचा ढीग. आजोबांनी चिमणरावाचे मूळ लेखक चि. वि. जोशी कोळून प्यालेले, त्यामुळे पुढे काय होणार ते आधीच सांगून ते सगळ्यांच्या शिव्या खात. बाळ कर्व्यांच्या दणकट गुंड्याभाऊशेजारी तो हडकुळा, भित्रा चिमणराव आजीला थेट आपल्या माहेरचा वाटे.

आईचा नंदू. १९९१चा ‘चौकट राजा’ पाहून ती आली आणि कुकर लावायचा विसरली. वाढलेल्या अंगातलं ते लहान मूल आणि त्याच्यामागे धावणारी सुलभा देशपांडेंची आई. यावर घरात दोन दिवस कोणी विनोद केला नाही. आमच्या घरात ही मोठीच गोष्ट.

मग १९९३ साली तात्या विंचू आला. ‘झपाटलेला’मध्ये प्रभावळकर स्वतः दिसतात ते थोडाच वेळ, पुढे सगळा कारभार रामदास पाध्यांच्या बाहुल्याचा. पण आवाज! धाकटं भावंड महिनाभर रात्री एकटं मोरीत जाईना. पोटमाळ्यावरची जुनी बाहुलीही गुपचूप कोणाला तरी देऊन टाकावी लागली. ‘अगं, हाच तुझा चिमणराव,’ असं सांगितल्यावर आजी भडकली. ‘चांगल्या माणसाला असं बोलू नये,’ म्हणाली.

तिला पटवायला ‘हसवाफसवी’ला नेलं. त्यांनीच लिहिलेलं नाटक, त्यात सहा भूमिका त्यांच्याच. आम्हाला वाटलं, आता पुरावाच मिळाला. आजी कृष्णराव हेरंबकरांवर खूश झाली आणि उरलेले पाच ‘इतर नट’ बरे होते म्हणाली. तिचं फार चुकलं असंही नाही. रंगभूषा, टोप, कपडे कोणालाही मिळतात. हा माणूस मान, खांदे, श्वास घेण्याची पद्धतसुद्धा बदलून येतो. माझ्या मते तात्या विंचूपेक्षा हेरंबकर अवघड. पण हे घरात बोललं की मतदानात मी हरतो.

२००१मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिप्रे’ सुरू झालं आणि प्रथमच सगळ्या घराचे प्रभावळकर एक झाले. मालिकेचा आधार त्यांचंच ‘अनुदिनी’ पुस्तक. बाबा नुकतेच निवृत्त झालेले, मालिकेतले प्रभावळकरांचे आबा काही बोलले की ते मुकाट आमच्याकडे पाहत. पानं मालिकेच्या वेळेआधीच वाढली जात.

२००६च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तल्या गांधीजींची आणि ‘शेवरी’तल्या कामाची दखल घेऊन त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुन्नाभाई टीव्हीवर लागला तेव्हा आजी नव्वदीच्या घरात होती. भाच्याने तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, ‘पणजी, हे बघ, चिमणराव!’

तिने चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं. मग टीपॉयवर तंगड्या टाकून बसलेल्या त्या पोराला म्हणाली, ‘बापूजी आहेत ते. पाय खाली घे आधी.’