तारीख बघितलीस का?

दिवाळीच्या आधीची साफसफाई मोठी फसवी असते. कोपऱ्यातली धूळ जाते हे खरे. पण तिच्याबरोबर घरातले एखादे चालते यंत्र बंद पडले नाही, असे वर्ष मला आठवत नाही. कधी मिक्सर, कधी पंखा. २०२४ साली पाळी आली माझ्या कॉम्प्युटरची.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. तेव्हा यंत्राच्या पोटात काय असते, याची चौकशी मी कधी केली नव्हती. कॉम्प्युटर जुना, इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. पण माझ्या चार कादंबऱ्या त्याने निमूटपणे सोसल्या आहेत. आमचे अण्णा त्यातले भागीदार. अण्णांनी चाळीस वर्षे सांगलीला घड्याळे दुरुस्त केली. आता नजर अधू झाल्यापासून दुपारी ते कॉम्प्युटरवर नाट्यगीते ऐकतात. ती गाणी ज्या पेनड्राइव्हमध्ये आहेत, तो यंत्राच्या पाठीशी कायमचा खोचलेला.

सफाईसाठी मी सगळ्या वायरी काढल्या आणि चौथ्या दिवशी, वसुबारसेच्या संध्याकाळी, पुन्हा जोडल्या. बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटली. लावलेली डिस्क काढा आणि कोणतीही कळ दाबा, असा त्यांचा मतलब. मी कोणतीही कळ दाबली. मग एकूण एक कळ दाबली. कीबोर्ड ढिम्म! कादंबरीची शेवटची तीन प्रकरणे आत कोंडलेली. घाम फुटला.

एवढ्यात माझी नजर अण्णांच्या पेनड्राइव्हवर गेली. तो उपटला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, आणि स्वारी सुतासारखी सरळ! पुरावा याहून स्पष्ट तो काय हवा?

"अण्णा, किती वेळा सांगितलं, यंत्राला हात लावत जाऊ नका म्हणून!" मी वर्गावर ओरडतो तसा ओरडलो. चुलीपुढे चकल्या तळणारी बायकोसुद्धा दचकली.

अण्णा एवढेच म्हणाले, "अरे, तो तर रोज तिथंच असतो." आणि पेनड्राइव्ह रुमालात बांधून आपल्या कपाटात ठेवून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होते. ती शांतता मला सोयीची वाटली, हे कबूल केले पाहिजे.

रात्री मी भिंतीवरचे बटण बंद करून झोपलो. सकाळी प्रकरणांची नक्कल काढावी म्हणून माझा स्वतःचा पेनड्राइव्ह लावला आणि यंत्र सुरू केले. पडद्यावर पुन्हा तीच अक्षरे! आता ओरडायचे कुणावर?

अण्णा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "तारीख बघितलीस का?"

पेनड्राइव्ह काढून यंत्र चालू केले आणि बघितली. १ जानेवारी २००९! तेव्हा आठवले, दोन महिने अण्णा सांगत होते, "तुझ्या यंत्राचं घड्याळ मागं पडतं रे." मी दर वेळी "चालायचंच" म्हणून वाटेला लावले होते.

कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर एक लहानशी टिपणवही असते म्हणा ना. सुरू होताना आधी हार्ड डिस्क शोधायची की पेनड्राइव्ह, यूएसबीच्या कीबोर्डचे ऐकायचे की नाही, आज तारीख काय, हे तिच्यात टिपलेले असते. भिंतीतून वीज मिळते तोवर वही तिच्यावर जगते. ती तुटली की बटणाएवढ्या सेलवर. माझा सेल म्हातारा झालेला. त्यात मी रोज रात्री वीज तोडणार, आणि सफाईत तर चार दिवस! वही पुसली गेली आणि यंत्र कारखान्यातल्या मूळ सवयींवर गेले. त्या बोर्डाची सवय अशी, की आधी पेनड्राइव्हचे दार ठोठवायचे, आणि यूएसबी कीबोर्डकडे कान द्यायचा नाही. अण्णांच्या पेनड्राइव्हचा गुन्हा एवढाच, की तो घरी होता.

शाळेच्या अडगळीतून गोल पिनेचा जुना कीबोर्ड आणला. त्याचे मात्र यंत्राने ऐकले. सुरू होताच 'डिलीट'ची कळ दाबत राहिलो, तो सेटिंगचा निळा पडदा आला. पण त्याआधी सेल बदलायला हवा होता. सेलवर 'सीआर २०३२' असे लिहिलेले.

"वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन जाड," अण्णा न बघताच म्हणाले. "आणि आतलं स्फटिक सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरत असेल. आमच्या क्वार्ट्झ घड्याळात तेच असतं."

वायर काढून आम्ही झाकण उघडले. अण्णांनी जुन्या पेटीतला चिमटा काढला आणि बोटांनी चाचपत सेल बसवला. मग मी तारीख लावली, हार्ड डिस्क पहिली केली, यूएसबी कीबोर्ड चालू केला. 'एफ दहा' दाबून ते सारे जतन केले. यंत्र सुरू झाले.

आता खरे अवघड काम उरले होते. पंचेचाळिशीच्या मास्तराने बापाची माफी कशी मागायची, हे कुठल्या पडद्यावर लिहून येत नाही. "अण्णा, चुकलं माझं. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही," एवढे कसेबसे बोललो.

अण्णा चिमटा पुसत होते. म्हणाले, "दुकानात बंद घड्याळ घेऊन येणारं गिऱ्हाईक आधी कुणाचं तरी नाव सांगायचं. पोरानं पाडलं, बायकोनं भिजवलं. उघडून बघावं, तर आत नुसतं तेल सुकलेलं."

मग कपाटातून रुमाल घेऊन आले. गाठ त्यांच्याच्याने सुटेना, मी सोडली. पेनड्राइव्ह पाठीशी खोचला, बटण दाबले, आणि अण्णा खुर्ची ओढून बसले.