भंगारवाल्याने सोडलेलं आरमार

पहिल्या महायुद्धानंतर कैद झालेलं जर्मन आरमार स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लोत नांगरून ठेवलं होतं. २१ जून १९१९ला अ‍ॅडमिरल फॉन रॉयटर यांचा इशारा मिळताच खलाशांनी झडपा उघडल्या आणि आपलीच जहाजं बुडवली. ७४ पैकी ५२ तळाला गेली. त्यांतली सात अजून तिथेच आहेत, आणि ती बघायला माणसं पैसे मोजून पाण्याखाली गारठतात. मीही त्यातलाच.

उन्हाळ्यातही पाणी बारा-तेरा अंशांच्या आसपास. अंग ड्रायसूटमध्ये कोरडं राहतं, पण उघडे ओठ काही क्षणांत बधिर होतात. ‘कोल्न’ ही क्रूझर सुमारे ३६ मीटरवर उजव्या कुशीवर पडली आहे. हिरवट अंधारातून आधी नुसतं काळं काहीतरी पुढे येतं. मग कळतं, समोरची भिंत म्हणजे डेक. जहाजाचा नकाशा डोक्यात बसवायचा तर मान वाकडी करावी लागते. पत्र्यावर पांढरी समुद्रफुलं दाटलेली. मधल्या भागात मात्र मोठं भगदाड आहे. ते युद्धातलं नाही. इंजिनखोलीतल्या तांब्या-पितळेसाठी भंगारवाल्यांनी सुरुंग लावून केलेलं.

मला जहाजापेक्षा ते भगदाडच जास्त बोलकं वाटलं, इथल्या भंगाराच्या धंद्याची गोष्ट सांगणारं. अर्नेस्ट कॉक्स या भंगार व्यापाऱ्याने पूर्वी एकही जहाज वर काढलं नव्हतं. १९२४पासून त्याने इथून तीसेक जहाजं काढली. १९२६च्या संपात कोळसा मिळेना, तेव्हा बुडालेल्या ‘साइडलिट्झ’च्याच कोठारातला वापरला! एवढं करून सौदा तोट्यातच गेला म्हणतात. म्हणजे आपण ज्याला ऐतिहासिक ठेवा म्हणतो, ते भंगारवाल्यांना परवडलं नाही म्हणून उरलेलं.

याच पाण्यात ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौकाही आहे. १९३९च्या ऑक्टोबरात जर्मन पाणबुडीने ती बुडवली, ८००हून अधिक माणसं गेली. ती युद्धसमाधी, तिथे हौशी डायव्हरना मनाई आहे, आणि ते मला योग्यच वाटतं. ‘कोल्न’वर मी निवांत फिरलो, कारण ती बुडताना आत कुणी अडकलं नव्हतं. मात्र आरमार बुडवलं त्याच दिवशी ब्रिटिशांच्या गोळ्यांनी नऊ जर्मन मेले, हे ठाऊक असूनही फिरलो.

२०१९मध्ये उरलेल्या सात जर्मन जहाजांतल्या तीन युद्धनौका ईबेवर विकल्या गेल्या, प्रत्येकी २५,५०० पौंडांना. जहाजं संरक्षित असल्याने नव्या मालकालाही तिथून एक खिळा काढता येत नाही.