आर्नोच्या काठाने, संगमापर्यंत

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी इथेच फ्लॉरेन्समधील एका दगडी छत्रीचे छायाचित्र टाकले होते. खाली ओळ होती, ‘शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम महाराज यांचे इटलीतील स्मारक’. छायाचित्र कुणाकडून तरी आले होते, ओळही त्याच्यासोबतच आली होती आणि मी दोन्ही न तपासता पुढे पाठवली. ओळ साफ चुकीची होती. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम 1700 साली सिंहगडावर निवर्तले. त्यांनी समुद्र कधी ओलांडलाच नाही.

गेल्या ऑक्टोबरात फ्लॉरेन्सला जाण्याचा योग आला, तेव्हा ती छत्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि तिथवर नदीच्या काठाने चालत जायचे, एवढे मनाशी ठरवले होते.

सुरुवात मात्र शहराबाहेरून केली. उत्तरेच्या टेकडीवर फिएझोले नावाचे लहानसे गाव आहे. ते फ्लॉरेन्सपेक्षा जुने, एट्रुस्कन लोकांनी वसवलेले. तिथे रोमन काळातील नाट्यगृहाच्या पायऱ्या आजही जागच्या जागी आहेत. गावातून खाली पाहिले की ब्रुनेलेस्कीने उभारलेला, 1436 साली पूर्ण झालेला कॅथीड्रलचा लाल घुमट साऱ्या शहरावर बसलेला दिसतो. टेकडीच्या पायथ्याच्या दरीतून मुन्योने नावाचा एक ओढा वाहतो. प्रवासी सहसा त्याच्याकडे पाहत नाहीत. आपण त्याचे नाव लक्षात ठेवू, पुढे त्याची भेट होणार आहे.

शहरात उतरल्यावर सांता क्रोचे चर्चपासून चालायला लागलो. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ इथेच चिरनिद्रा घेत आहेत. पण या भागात माझी नजर भिंतींवरील छोट्या पाट्यांवर खिळली. 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नोचे पाणी कुठवर चढले होते, याच्या त्या खुणा. त्यांतली एक माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. त्या पुरात चिमाबुएच्या तेराव्या शतकातील भव्य क्रूसचित्राचा बराचसा रंग वाहून गेला आणि नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी पुस्तके चिखलात रुतली. ती पुस्तके हातोहात बाहेर काढायला देशोदेशींची तरुण मुले धावून आली. इटलीत त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. त्यांतली बहुतेक तुमच्याच वयाची होती.

पोन्ते वेक्किओवरची गर्दी मी झटपट ओलांडली. 1345 साली बांधलेला हा पूल सर्वांना ठाऊक असतो. त्याच्याच शेजारच्या सांता त्रिनिता पुलाची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पोन्ते वेक्किओ वगळता शहरातील सारे पूल उडवले. फ्लॉरेन्सकरांनी सांता त्रिनिताचे दगड नदीच्या पात्रातून वेचून काढले आणि 1958 साली तो पूल जुन्या रूपात पुन्हा उभा केला. त्यावरील वसंत ऋतूच्या पुतळ्याचे शिर तेवढे हरवले होते. तेही 1961 साली नदीतच सापडले. मला हा पूल पोन्ते वेक्किओहून अधिक सुंदर वाटतो.

आणखी थोडे पुढे ओन्यीसान्ती चौक लागतो. तेथील चर्चमध्ये बोत्तिचेल्ली पुरलेला आहे. याच चौकातील एका हॉटेलात 30 नोव्हेंबर 1870 रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज निवर्तले. त्यांचे वय होते अवघे वीस वर्षांचे.

इथे नावांचा गोंधळ दूर करायला हवा. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम पहिले. 1866 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले हे दुसरे. राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम तिसरे; त्यांचा काळ 1922 ते 1940. माझ्या त्या ओळीने यांतल्या दुसऱ्यांना पहिल्यांच्या नावात बुडवून टाकले होते.

1870 साली ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले. त्यांनी इंग्रजीतून रोजनिशी लिहिली. परतताना वाटेत प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. रोम जिंकून दोन महिने झाले होते, पण राजधानी अजून हलली नव्हती. रोजनिशी 1872 साली लंडनला प्रसिद्ध झाली, ती सोबतचा इंग्रज अधिकारी एडवर्ड वेस्ट याच्या संपादनाने. वाचताना हे विसरू नये: ज्याच्या हाती संपादन, त्याच्या हाती वगळणेही असते.

प्रश्न उभा राहिला तो अंत्यसंस्काराचा. कॅथलिक इटलीत तेव्हा प्रेत पुरण्याचीच रीत होती. मिलानमधील पहिले आधुनिक दहन व्हायलाही 1876 साल उजाडायचे होते. तरीही शहराने परवानगी दिली आणि जागा निवडली गेली ती दोन प्रवाहांच्या संगमावरची. फिएझोलेखालचा तो मुन्योने जिथे आर्नोला मिळतो, ती.

तिथवर पोहोचायला काशिने उद्यान ओलांडावे लागते, आणि ते संपता संपत नाही. एके काळी इथे मेडिची घराण्याची गुरे चरत. याच झाडीत 1819 साली शेलीला पश्चिमवाऱ्यावरची कविता सुचली. तीनच वर्षांनी तो समुद्रात बुडाला आणि साथीच्या रोगांसंबंधीच्या नियमांमुळे तस्कनीच्याच किनाऱ्यावर त्याचे प्रेत जाळावे लागले. आपल्याकडची नित्याची गोष्ट तिथे अपवाद म्हणूनच घडत होती.

उद्यानाच्या अगदी टोकाला छत्री दिसली. 1874 सालची. आराखडा चार्ल्स मँट या स्थापत्यकाराचा; कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. आत फुलर या शिल्पकाराने घडवलेला रंगीत अर्धपुतळा आहे. डोक्यावर पगडी, गळ्यात अलंकार, चेहरा मात्र कोवळा. पंचगंगेच्या घाटावर पूर्वजांच्या समाध्या आहेत. हा एकटा इथे. पलीकडे 1978 साली झालेला मोठा पूल आहे, त्याचे नाव ‘पोन्ते अल्लिंदियानो’, म्हणजे त्या भारतीयाजवळचा पूल. रोज त्यावरून जाणारी वाहने त्याचे नाव घेतात, पण त्याचे गाव त्यांना ठाऊक असेलच असे नाही.

त्यांच्या मागे कोल्हापूरच्या गादीवर पुन्हा दत्तक आला, चौथे शिवाजी. तेही 1883 साली अहमदनगरला निवर्तले. मग पुन्हा दत्तक, 1884 साली. ते शाहू महाराज.

मी संगमावर तासभर बसलो. मुन्योने इथे अगदी क्षीण दिसतो, पाणी गढूळ, काठावर वेताची झुडपे. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवीत आले, छत्रीकडे बोट दाखवून काही विचारले. माझ्या तुटपुंज्या इटालियनमध्ये मी एवढेच सांगू शकलो की मीही तिकडचाच. त्यांनी टोपी काढली.

जुनी पोस्ट मी काढून टाकलेली नाही. तिच्याखाली दुरुस्ती जोडली आहे: ‘राजाराम महाराज, कोल्हापूर. 1850 ते 1870.’