सरकारी मोबाईल घरी येतो तेव्हा

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींच्या घरात सरकारी मोबाईल आहे? सरकारी म्हणजे सरकारने कामासाठी दिलेला. तुमची स्वतःची नोकरी असेल, यजमानांची असेल, नाही तर नणंदा-जावांपैकी कुणी अंगणवाडीत असेल. पूर्वी सरकारी वस्तू कचेरीतच राहायची. शिक्का, दौत, रजिस्टर, सगळं तिथल्या लोखंडी कपाटात. संध्याकाळी माणूस घरी यायचा तो रिकाम्या हातांनी, फार तर भाजीची पिशवी घेऊन. आता कचेरीच खिशात बसून घरी येते आणि जेवताना ताटाशेजारी पडून राहते. ती पोरांच्या नजरेला पडली की पुढे काय होतं, हे मी तुम्हांला सांगायला नको.

आमच्या थोरल्या जाऊबाई कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहेत. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. मी राहते कळंबला; सकाळी शाळेत तासिकेवर शिकवते आणि दुपारनंतर घर, मुलं, दळण-कांडण. सणावाराला आमचं गावाकडे जाणं होतंच. गेल्या दिवाळीत अक्कांचा धाकटा, दहावीतला, त्यांच्या मोबाईलसाठी हटून बसला होता. घरातला दुसरा फोन थोरल्या भाऊजींजवळ, आणि तो बटणांचा. ह्याला किल्ल्याचं रील करून टाकायचं होतं. "एवढं एकच ॲप घेऊ दे, रात्री काढून टाकतो," म्हणून आर्जवं चाललेली. भाऊजीही लेकाच्या बाजूने. म्हणाले, "अगं, तुझ्या अंगणवाडीत काय तोफा ठेवल्यात व्हय? बंदी मिलिटरीला असती."

अक्का भाकरी थापत होत्या. तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तोफा न्हाईत, पर गावच्या लेकीबाळी हायेत ह्या फोनात. त्यास्नी दिऊ का कुणाच्या बी हातात?"

पोरगं गप्प बसलं. मी मात्र नंतर कितीतरी दिवस त्या एका वाक्याचा विचार करत होते.

भाऊजींचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. आपल्याकडे ही बंदीची भाषा ऐकू आली ती सैन्यामुळेच. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर देशभर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं, शेअरइट होतं, कागदांचे फोटो काढून त्यांची फाईल करणारं कॅमस्कॅनरही होतं. टिकटॉक गेल्याचं दुःख आमच्या मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत किती जणांना झालं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय! पुढे जुलैमध्ये लष्कराने आपल्या लोकांना ८९ ॲप मोबाईलमधून काढून टाकायला सांगितली. त्या यादीत फेसबुक आणि इन्स्टाग्रामसुद्धा होतं. ही दोन्ही काही चीनची नव्हेत. मग त्यांच्यावर का राग?

त्याचं उत्तर मला २०१८ सालच्या एका गोष्टीत सापडलं. स्ट्राव्हा नावाचं एक ॲप आहे. आपण किती धावलो, किती चाललो ते मोजणारं, अगदी निरुपद्रवी वाटणारं. त्या कंपनीने जगभरातले लोक कुठे कुठे धावतात त्याचा एक नकाशा लोकांसाठी खुला केला. हौसेचीच गोष्ट. पण जिथे वस्ती नाही, अशा वाळवंटी मुलखात काही ठिकाणी त्या नकाशावर उजळ रेषा दिसल्या. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्या परदेशी सैन्याच्या तळांवर धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा आहेत. कुणी काही चोरलं नव्हतं, कुणी फितूर झालं नव्हतं. पोरं रोज सकाळी व्यायाम करत होती, एवढंच.

ॲपचा स्वभावच असा असतो. आत घेताना ते विचारतं, फोनमधले नंबर बघू का, फोटो बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का, माइक वापरू का? आपण घाईत 'हो, हो' करत जातो. आता मला सांगा, दारावर बोहारीण आली तर आपण तिला ओसरीवर बसवतो, पाण्याचा तांब्या देतो, जुन्या साड्या काढून घासाघीस करतो. पण "जरा कपाट उघडून दाखवा, ताई" असं ती म्हणाली तर? हाकलून नाही देणार? ॲपला मात्र आपण कपाट, देव्हारा, पेटीचा तळ, सगळं दाखवतो, आणि ते बिचारं गोड गाणी दाखवतं म्हणून खूश होतो.

परदेशातही सरकारं ह्याच कारणाने जागी झाली. युरोपियन कमिशनने आणि कॅनडाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, ब्रिटनने मार्चमध्ये, ऑस्ट्रेलियाने एप्रिलमध्ये सरकारी फोनवरून टिकटॉक हटवलं. अमेरिकेने तर डिसेंबर २०२२ मध्येच त्यासाठी कायदा केला. त्यांना भीती अशी की चीनच्या २०१७ च्या कायद्याने तिथल्या कंपन्यांना सरकारच्या गुप्तवार्ता कामात मदत करणं भाग आहे. आपण कुणाला माहिती दिली नाही, असं ती कंपनी सांगत आली. गंमत म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द व्हाइट हाउसनेच टिकटॉकवर आपलं खातं उघडलं. सासूने सुनेला बजावावं आणि स्वतःच मागच्या दाराने जाऊन यावं, असला हा प्रकार.

आपल्या महाराष्ट्राचं सांगायचं तर जुलै २०२१ मध्ये एक परिपत्रक निघालं. कार्यालयात शक्यतो दूरध्वनीच वापरा, मोबाईलवर हळू आणि सौजन्याने बोला, समाजमाध्यमं वापरताना वेळेचं आणि भाषेचं तारतम्य ठेवा, अशा त्यात सूचना होत्या. वाचून मला आमच्या शाळेच्या सूचनाफलकाची आठवण झाली. नंतर २८ जुलै २०२५ ला सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय आला तो जास्त कडक. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, बंदी असलेली ॲप वापरू नका, गोपनीय कागद परवानगीवाचून टाकू नका, सरकारी गाडी, गणवेश, इमारत ह्यांचे रील आपल्या खात्यावर नकोत. नाही तर १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे कारवाई होईल. जिल्हा परिषदा, नगरपालिका, महामंडळं, करारावरची माणसं, सगळे त्यात आले. समाजमाध्यमांवर सरसकट बंदी मात्र नाही. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम चालेल, असंही त्यात आहे. केंद्राने त्याआधीच, जून २०२२ मध्ये, आपल्या नोकरांना बजावलं होतं की सरकारी कागद बाहेरच्या कंपन्यांच्या साठवणीत ठेवू नका आणि कॅमस्कॅनरसारख्या ॲपने त्यांचे फोटो काढू नका.

आता येऊ या अक्कांच्या 'लेकीबाळीं'कडे. अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खिचडी आणि बडबडगीतं आठवतात. पण मार्च २०२१ पासून सेविकांची सगळी नोंद 'पोषण ट्रॅकर' ह्या केंद्राच्या ॲपवर होते. गावातलं कुठलं मूल किती किलोचं, कुठलं तीव्र कुपोषित, कोण गरोदर, कुणाला कितवा महिना, कुणाचं बाळ अंगावर पितं. सोबत आधार आणि मोबाईल नंबर. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना बाईच्या चेहऱ्याचा फोटो काढून तो जुळवावा लागतो. शिवाय आपला धाराशिव जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आपण, महाराष्ट्रातले हे चारच. आरोग्य, पोषण, शिक्षण ह्यांचे आकडे दर महिन्याला वर जातात, तिथे क्रमांक लागतात. त्या आकड्यांची सुरुवात अक्कांसारखीच्या बोटाने होते.

तिसरा महिना लागेपर्यंत आपण सासूखेरीज कुणाला सांगत नाही. माहेरीसुद्धा जरा थांबूनच कळवतो. दृष्ट लागेल म्हणून म्हणा, काही विपरीत झालं तर चर्चा नको म्हणून म्हणा. अक्कांना मात्र ते नोंदीसाठी सांगावंच लागतं. दोन वेळा हातचं गेलेली एक पोर त्यांच्याकडे नाव घालायला आली तेव्हा दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, माझा फोटू कुठं कुठं जाईल?" अक्का सांगत होत्या, "काय सांगू तिला? दिल्लीला जातो म्हटलं. तिथनं फुडं मला तरी कुठं ठावं?" मग त्यांनी तिला एवढंच वचन दिलं की माझ्या हातातून तो दुसरीकडे जाणार नाही. पोराला मोबाईल न देण्यामागे हे वचन होतं. देशाची सुरक्षा हा शब्दही अक्कांनी उच्चारला नाही.

एक मात्र सरकारला ऐकवलं पाहिजे. बंदी घालणाऱ्याने चालणारी वस्तूही द्यावी. सेविकांना आधी दिलेले मोबाईल इतक्या कमी ताकदीचे होते की ॲप उघडेपर्यंत चुलीवरचं दूध उतू जावं. ते तापायचे, बंद पडायचे. दुरुस्तीचा खर्च बाईच्या माथी, आणि पोषण ट्रॅकरची भाषा इंग्रजी. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोर्चे काढून हजारो मोबाईल सरकारला परत केले. नंतर नवे आले. पण मधल्या काळात काम थांबलं नव्हतं. कित्येकींनी ते नवऱ्याच्या, मुलाच्या फोनवर केलं. म्हणजे ज्या फोनवर पोराची गाणी, गेम आणि आणखी काय काय, त्याच फोनवर गावच्या गरोदर बायांची यादी! मानधनावर राबणाऱ्या बाईकडून सुरक्षेची अपेक्षा करायची तर तिला आधी धड फोन द्यायला नको का?

आणि दुसरं, जे मला जास्त खुपतं. बंदीचा कागद निघतो तोही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच येतो. ग्रुप एक नाही, अनेक. त्यात याद्या पडतात, आधार कार्डांचे फोटो पडतात, 'तातडीने पाठवा' असे निरोप पडतात. आमच्या शाळेतसुद्धा मुलांच्या याद्या अशाच फिरतात. ग्रुपमध्ये कोण कोण आहे, बदलून गेलेली माणसं अजून आत आहेत का, हे कुणी बघत नाही. रीलवर बंदी आणि यादीला मोकळं रान! मे २०२३ मध्ये पुण्यातल्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला, परदेशी हेराशी व्हॉट्सॲपवरून संपर्क ठेवून माहिती दिल्याच्या आरोपावरून, एटीएसने अटक केली होती. काय खरं काय खोटं ते न्यायालयाचं काम. पण रोजच्या निरोपांचं साधं ॲपही कुठवर पोहोचवू शकतं, हे त्यावरून कळतं.

तरीसुद्धा मी बंदीच्याच बाजूची आहे. कामाच्या फोनात कामच असावं. आमचे 'हे' म्हणतात, एवढी कडक राहिलीस तर घरात कुणी बोलणार नाही तुझ्याशी. बोलू नका. मुलांना रील बघायचं तर घरच्या फोनवर बघू दे, आपल्या डोळ्यांदेखत, अभ्यास झाल्यावर. अक्कांनी मोबाईलची जागा ठरवून टाकली आहे: देव्हाऱ्याच्या वरची फळी. कुलपाचा आकडा घरात कुणाला ठाऊक नाही, भाऊजींनाही नाही. पहिले आठ दिवस ते रुसले होते म्हणे.

तुमच्या घरात असा फोन असेल तर सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला काय काय बघायची परवानगी दिली आहे, ते एकदा त्या माणसाबरोबर बसून बघा. विजेरीच्या ॲपला तुमच्या माहेरचे नंबर कशाला हवेत? आणि फोन तुमच्या घरात नसला तरी तुमचं नाव कुणाच्या तरी सरकारी फोनात आहेच, हेही लक्षात असू द्या. आधारची प्रत मागितली तर जिथे चालत असेल तिथे 'मास्क्ड आधार' द्या. आधारच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं. त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, आधीचे आठ झाकलेले. मी घरातल्या सगळ्यांची काढून ठेवली आहेत. झेरॉक्सवाल्याच्या मोबाईलवर आधार पाठवायचं मात्र बंद केलं. तिथे आपल्या मागून कोण काय काढून घेतं, बाई!

अक्कांची पुढच्या आठवड्यात बैठक आहे. गरोदर मातांच्या याद्या ग्रुपवर टाकायच्या की नाहीत, हे त्या पर्यवेक्षिकाबाईंना सर्वांसमक्ष विचारणार आहेत. "लेखी द्या म्हणीन," असं म्हणत होत्या. मी त्यांना अर्ज लिहून दिलाय, अर्ध्या पानाचा, स्वच्छ अक्षरात. त्यात त्या पोरीचं नाव कुठेही घातलेलं नाही.