रोपांचे मोल आणि विम्याची भाषा

मराठीच्या अध्यापकांनी विम्याविषयी लिहावे हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. आमचे म्हणणे असे की, सामान्य माणसाचे बरेवाईट ज्या गद्यावर अवलंबून असते, ते गद्य साहित्याच्या अभ्यासकांनी वाचलेच पाहिजे. विम्याची पॉलिसी हे असे गद्य आहे. त्यात नेहमीच्या शब्दांना नेहमीचे अर्थ नसतात, आणि खरा आशय पहिल्या पानावर नसून अपवादांच्या यादीत असतो.

आम्ही दोघे शिर्डीच्या परिसरात शिकवतो. आमची एक माजी विद्यार्थिनी आता घरची रोपवाटिका सांभाळते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर प्लास्टिकचा कागद, आत फॉगर, कोकोपीटने भरलेल्या ट्रेंच्या रांगा; त्यांत झेंडू, मिरची, टोमॅटोची रोपे. पॉलिसीच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा ती कागद घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, ‘‘मॅडम, सर, इंग्रजी मला कळतं. अर्थ लागत नाही.’’ त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी तो मजकूर ओळीने वाचला.

पहिला प्रश्न व्याख्येचा होता. ट्रेमधले रोप हे पीक की मालसाठा? शेतकऱ्याच्या बोलण्यात हा भेद नाही. विम्यात मात्र त्यावर सारे ठरते. 2016 पासून चालू असलेली प्रधानमंत्री पीक विमा योजना अधिसूचित पिकांसाठी आहे आणि तिचा मुख्य हिशेब मंडळातल्या सरासरी उत्पादनावर चालतो. विक्रीसाठी ट्रेमध्ये वाढवलेल्या रोपांना त्या हिशेबात जागा नाही. दुसरीकडे, 1 एप्रिल 2021 पासून लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. एका ठिकाणच्या पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे. इमारत, यंत्रे, मालसाठा हे तिचे शब्द. पण जिवंत, वाढते रोप त्या ‘मालसाठ्या’त बसते का, आणि प्लास्टिकच्या कागदाचे छत ‘इमारत’ ठरते का, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे लागते. वादळानंतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सहसा विचारणाऱ्याच्या सोयीचे नसते.

दुसरा प्रश्न मोलाचा. पेरणीच्या दिवशी ट्रेची किंमत बी आणि कोकोपीट एवढीच. तीन-चार आठवड्यांनी रोप लावणीला येते तेव्हा तिला पूर्ण भाव मिळतो. आणखी दोन-तीन आठवडे गिऱ्हाईक आले नाही, तर मुळे ट्रेमध्ये गुंतून रोप जून होते आणि त्याला कोणी विचारत नाही. मग गारपीट नेमकी कोणत्या दिवशीची धरायची? रोपवाटिकेची खरी मालमत्ता म्हणजे रोपात मुरलेले दिवस, आणि ते मोजायचे तर पेरणीच्या तारखांची नोंदवही लागते. ती नसेल तर सर्व्हेअरपुढे तोंडी सांगण्याला वजन राहत नाही.

याच मुद्द्याला जोडून सरासरीची अट येते. समजा, मालमत्ता वीस लाखांची आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी विमा दहा लाखांचाच उतरवला. चार लाखांचे नुकसान झाले, तर हाती दोनच लाख पडतात. कारण उरलेल्या निम्म्या भागाची जोखीम मालकाने स्वतःच पत्करली, असे पॉलिसी मानते. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. शिवाय बँकेचे कर्ज असेल तर दाव्याच्या रकमेवर पहिला हक्क बँकेचा. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीने महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांना झोडपले. आमच्याकडे ती आठवण अजून ताजी आहे. म्हणूनच या कोरड्या अटी आम्हाला कोरड्या वाटत नाहीत.

तरीही शिर्डीच्या फूलशेतीला सर्वांत मोठा फटका आभाळातून बसला नाही. 17 मार्च 2020 रोजी साईमंदिर दर्शनासाठी बंद झाले. 16 नोव्हेंबरला दार उघडले, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा मिटले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये उघडले; पण फुले-हार वाहण्यावरचा निर्बंध राहिला. 2024 च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर ती वाट मोकळी झाली. मधल्या काळात ज्यांनी फुले लावलीच नाहीत, ते झेंडूची रोपे कशाला नेतील? ‘‘छत शाबूत होतं, रोपं टवटवीत होती, आणि आम्ही बुडत होतो,’’ असे आमची विद्यार्थिनी म्हणाली. व्यवसाय खंडित झाल्याची भरपाई देणारा विमा असतो. पण त्याची नेहमीची पूर्वअट अशी की, आधी मालमत्तेची प्रत्यक्ष हानी झालेली असावी. गिऱ्हाईक न येणे ही हानी त्या भाषेला दिसत नाही. पूर्वीच्या जोखमी हुंडीचेही असेच होते: माल सुखरूप पोहोचला तरच तिची रक्कम द्यायची. जोखीम जहाज बुडण्याची होती. बाजार बसण्याची नव्हे.

साईसच्चरितात एक तपशील आहे. बाबांनी स्वतः फुलझाडे लावून बाग केली. वामन तात्या त्यांना रोज दोन कच्चे घडे देत. पाणी घालून झाल्यावर बाबा ते घडे निंबाच्या तळाशी ठेवत; न भाजलेले म्हणून ते फुटत, आणि दुसऱ्या दिवशी नवे येत. त्या बागेच्या जागीच पुढे आजचे समाधी मंदिर उभे राहिले. भाविक या कथेत वैराग्य पाहतात. आमचे लक्ष मात्र वामन तात्यांकडे जाते. रोज फुटणाऱ्या घड्यांवर बाग वाढली, कारण दुसऱ्या दिवशी घडे देणारे कोणी तरी होते.

विमा म्हणजे तो देणारा हात, असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. तो हात करारातल्या शब्दांपुरताच पुढे येतो. जिथे शब्द संपतात तिथे शेजारी, पतसंस्था आणि गाठीची शिल्लक उरते. विद्यार्थिनीने अखेर विम्याची रक्कम खऱ्या किमतीपर्यंत वाढवली, छत आणि रोपे यांचा स्वतंत्र उल्लेख लिहून घेतला, आणि मंदिर बंद होण्यासारख्या दिवसांसाठी दर महिन्याला वेगळी रक्कम ठेवायला सुरुवात केली. झेंडूबरोबर भाजीपाल्याच्या रोपांचे प्रमाणही तिने वाढवले आहे. मिरचीचे गिऱ्हाईक दर्शनाच्या रांगेवर अवलंबून नसते.