फोटोत मागं कोण आहे

सांगली, गावभाग
रविवार, दुपार

चि. सोनूस,


कासचे फोटो पोचले. एकदा नुसते पाहिले, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले. सीतेच्या आसवांची फुलं सुरेख आली आहेत. कॅमेऱ्याचे पैसे फिटले असं तुझ्या बापाला माझ्या नावानं सांग, म्हणजे तो गप्प बसेल. पण तू विचारलंस, "आत्या, खरं खरं सांग, कसे आलेत?" म्हणून खरं सांगते. अगदी असेच फोटो मला याच आठवड्यात आणखी चौघांनी पाठवले. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून सप्टेंबर लागला की निम्मा महाराष्ट्र तिथं ओणवा होऊन फुलं टिपतो. फुलांचा त्यात दोष नाही, तुझाही नाही. फक्त पाचांचे फोटो एकत्र कालवले तर तुझा कुठला, हे तुला सांगता यायचं नाही.

मला आवडला तो नववा. "हा चुकून आलाय" असं लिहून पाठवलेला. मक्याची कणसं भाजणारी बाई, धूर, आणि कोपऱ्यात तुझा बाप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कणसावर फुंकर घालतोय. अगदी दादांसारखे गाल फुगवून! हे तुला दिसलं होतं का रे?

दादांकडे, म्हणजे तुझ्या आजोबांकडे, आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो, चौकोनी. वर्षाला एक रोल, लग्नकार्य असेल तर दोन. त्यामुळे फोटो म्हणजे सोहळाच. दसऱ्याला हार घातलेल्या सायकलसकट, मुंजीत मुंजासकट, आणि वर्षातून एकदा साताऱ्याच्या चार भिंतींच्या टेकडीवर सगळं घर ओळीनं उभं. दादा दहा पावलं मोजून मागं सरायचे, "हलू नका" म्हणायचे, आणि आम्ही श्वासही रोखून धरायचो. त्या सगळ्या फोटोंत आम्ही टपालपेट्यांसारखे उभे आहोत.

एकदा रोलमधला बारावा फोटो उरला. रोल धुवायला टाकायची घाई होती, म्हणून दादांनी परसात जाऊन उगीच बटण दाबलं. आई नळावर भांडी घासतेय. केस तोंडावर आलेत, ते मनगटानं मागं सारतेय. दोरीवर माझा शाळेचा स्कर्ट वाळत घातलाय आणि वर अजिंक्यताऱ्याची कड. फोटो आल्यावर दादांनी मागं पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला, 'वाया'. आईचे बाकीचे फोटो नऊवारीतल्या कुणा एका बाईचे आहेत. आई म्हणशील तर ती त्या 'वाया'मध्येच आहे.

पण हे मला कळायला २०१९ चा महापूर यावा लागला.

माझं माहेर सातारा, सासर सांगली, मध्ये कृष्णा. संगम माहुलीवरून निघालेलं पाणी कराडला कोयनेला बरोबर घेतं आणि इथं येतं. माहेरचं पाणी माझ्या दारावरून जातं, असं मी चारचौघींत मिरवायची. त्या ऑगस्टात ते दारावरून गेलं नाही, आत आलं. आयर्विन पुलाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर अजून रेघ आहे, मी ती मुद्दाम रंगवू दिली नाही.

पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी गाद्या आणि भिजलेलं धान्य बाहेर टाकलं. नंतर निघाले अल्बम. चिखलानं गच्च, पान उघडेना. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजून फुगला की एक फोटो दुसऱ्याला धरतो, आणि वाळला की सोडतच नाही. ओढशील तर करवलीचं तोंड निघून नवरीच्या शालूवर बसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून ओले आहेत तोवरच परातीत स्वच्छ गार पाणी घेऊन, त्यात बुडवून, बोटानं हळूहळू सोडवायचे. पुसायचे नाहीत. दोरीला चिमटे लावून सावलीत टांगायचे. लॅमिनेट केलेले बहुतेक गेले, कडेनं पाणी आत शिरून तिथंच कुजलं. घरच्या प्रिंटरवर छापलेल्यांचे रंग परातीतच उतरले. जुने काळे-पांढरे मात्र बरेच तगले.

आमच्या ओट्यावर हा उद्योग चाललाय म्हटल्यावर गल्ली गोळा झाली. तेव्हा एक मजा लक्षात आली. लग्नाच्या फोटोंसाठी फारसं कुणी रडत नव्हतं. "ते काय, पाहुण्यांकडं असतीलच." मागणी वेगळीच होती. "काकू, तुम्ही खिडकीतनं सारखे काढत असता, आमच्या दाराचा एखादा असेल का हो?" निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी चहा झाला की खिडकीतनं एक फोटो काढते. त्यावरून याच मंडळींनी मला यथेच्छ हसून घेतलं होतं.

मी फोन काढला. समोरच्या घरातली सून एकेक फोटो सरकवत होती आणि एकदम थांबली. तो मी भंगारवाल्याच्या गाड्याचा काढला होता, वर मोडक्या छत्र्यांचा ढीग होता म्हणून. गाड्याच्या मागं, जोत्यावर, एक पाय पोटाशी घेऊन तिच्या सासूबाई लसूण सोलत बसलेल्या. तोंड उघडं. पुराच्या वर्षभर आधीच त्या गेल्या होत्या आणि घरातला त्यांचा हार घातलेला फोटो पाण्यात गेला होता. सून म्हणाली, "या बघा, ओरडतायत. मलाच ओरडतायत." आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

आता सांग, यात मी काय केलं? त्या मला दिसल्यासुद्धा नव्हत्या. फोटो मी काढला. अर्थ काढला तिनं, दोन वर्षांनी येऊन. तेव्हापासून रोजच्या साध्या दृश्यात अर्थ शोधा वगैरे कुणी सांगू लागलं की मला हसू येतं. शोधायचा कुठं? तो मागं कुठंतरी लसूण सोलत बसलेला असतो.

आपलं काम हजर राहण्याचं. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी १९१२ मध्ये काय टिपलं ठाऊक आहे? कुंडीतला वाटाणा! कॅमेरा रोवून, दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण करून, कोंबाचा वेल होईस्तोवर. तेच दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. आणि तिकडं शिकागोत मुलं सांभाळणारी एक बाई होती, व्हिव्हियन मायर. सुट्टीत रस्त्यानं हिंडत तिनं लाखाच्या वर फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. २००७ मध्ये तिच्या पेट्या लिलावात निघाल्या तेव्हा ते बाहेर पडले; २००९ मध्ये ती गेली. आज जगभर प्रदर्शनं भरतात. तुमच्या लाइकच्या हिशेबात ही बाई साफ नापास.

फोटो सुंदर आला की मी हल्ली जरा सावध होते. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना एकदा गेले होते. पत्र्यातून उन्हाची तिरीप, हळदीचा धुरळा, आणि त्यात पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल, भुवयांपर्यंत पिवळाधमक. मनात म्हटलं, हा बक्षिसाचा. त्याला दाखवला. बघून म्हणाला, "झ्याक आलाय मावशी. पर ह्ये पिवळं रातभर खोकल्यातनं पडतंय." फोटो अजून आहे माझ्याकडे. कुणाला पाठवत नाही. घाटावर धुणं धुणाऱ्या बायांचेही आता न विचारता काढत नाही. विचारलं की त्या पदर सारखा करतात, टपालपेट्या होतात, चालेल. दहा मिनिटं शेजारी बसलं की विसरतात.

तर तू कासला जा, ठोसेघरला जा, हौस भागव. पण साताऱ्याचा पोवई नाका आठव. आता तिथं जमिनीखालून रस्ते गेलेत. त्याआधीच्या नाक्यावर आपण सगळे मिळून हजारदा उभे राहिलो असू, एसटीची वाट पाहत, भांडत, भिजत. त्या नाक्याचा आपल्या घरात एकही फोटो नाही. तुझ्या बापाला विचार. म्हणेल, "तिथं काय होतं काढण्यासारखं?"

दोन कामं सांगते, ती मात्र कर. काढलेल्यातले चांगले-वाईट न निवडता महिन्याला दहा फोटो कागदावर छापून घे आणि मागं मऊ पेन्सिलीनं तारीख, जागा, नावं लिही. बॉलपेन नको, पुढं उमटतं. आणि मूळ फोटो फक्त व्हॉट्सॲपवर ठेवू नकोस. तिथून फिरला की फोटो बारीक होतो आणि कधी, कुठं काढला याची आतली नोंद गळून पडते.

दुसरं. दादांच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर, जुन्या पाळण्यामागं आहेत. पूर सातारच्या माळ्यावर येत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म खराब व्हायला लागली असं समज आणि त्याच दिवशी मला फोन कर. वास नसला तरी दिवाळीआधी सगळ्या स्कॅन करून घे, पैसे मी देते.

त्यात 'वाया'ची निगेटिव्ह आधी घे. त्या फोटोत दोरीवरच्या स्कर्टमागं कुणीतरी उभं आहे, नुसते पाय दिसतात आणि हाताची कड. एवढ्याशा त्या कागदावर मला आजवर ओळखता आलं नाही, आणि आता विचारायला आईही नाही, दादाही नाहीत. मोठा करून बघ आणि कोण आहे ते कळव.

तुझी,
आत्या