कुठल्या गाडीचं काय

जुनी आरएक्स हंड्रेड घेऊन कोणी गॅरेजात आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पल्सरचा डिस्क बसंल का?" बसतो. हाताशी वेल्डिंग आणि हातोडा असला की मोटरसायकलवर काहीही बसतं. पण तीच गाडी चार वर्षांनी बार्शीच्या अलीकडे, दुकानं बंद व्हायच्या वेळेला अडली तर तिथला मेकॅनिक तिचं काय करणार, हे त्या पोराला विचारलं की तो मोबाईल खिशात घालतो. माझं काम तिथून सुरू होतं.

दुसऱ्या गाडीचा पार्ट लावायची गरज खोटी नसते. आरएक्स हंड्रेड आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण आरएक्ससुद्धा तिशी गाठत आलेली. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. ते वजन त्या इंजिनाला आजही जड जात नाही. पुढचा ब्रेक मात्र १३० मिलीमीटरचा ड्रम. तेव्हाच्या रस्त्यांना आणि तेव्हाच्या गर्दीला तो पुरायचा. आज पुणे-हैदराबाद हायवेवर तुमच्या पुढची कार एबीएसवर थांबते आणि तुम्ही दोन बोटांनी लिव्हर आवळून देवाचं नाव घेता. त्यात नव्या ब्रेक-शूच्या नावाखाली बाजारात जे मिळतं, त्याच्या पुडक्यावर विश्वास ठेवावा की नाही, हाही प्रश्न असतोच.

हे सगळं मुळात जमतं कसं, त्यालाही एक इतिहास आहे. पूर्वी आपल्याकडे बुलेट, जावा-येझदी आणि राजदूत, एवढ्याच घराण्यांच्या गाड्या. जुन्या बुलेटचे आटे इंची, जावाचं गणित चेक पद्धतीचं. एकीचा बोल्ट दुसरीला लावायचा तर आटे नव्याने पाडायचे. मग १९८४ ते ८६ या काळात इंड-सुझुकीची एएक्स हंड्रेड, हिरो होंडाची सीडी हंड्रेड, यामाहाची आरएक्स आणि बजाजची कावासाकी केबी हंड्रेड अशा चार जपानी वळणाच्या शंभर सीसी एकापाठोपाठ एक आल्या. कंपन्या एकमेकींच्या वैरी, पण चौघींचेही बोल्ट मिलीमीटरचे. दहा, बारा, चौदाचा पाना सगळीकडे चालू लागला. आणि बेअरिंग तर कंपनीचं नसतंच, नंबरचं असतं. ६२०२ म्हटलं की आत १५, बाहेर ३५, रुंदी ११ मिलीमीटर. ते मोटरसायकलच्या हबातून निघो, पंख्यातून निघो नाहीतर पाण्याच्या पंपातून. ६३०० घ्या: बाहेर तेच ३५, रुंदी तीच ११, फक्त आत १० मिलीमीटर. म्हणजे जाड एक्सलच्या हबात बारीक एक्सल घालायचा असेल, तर हबाला हात न लावता नुसतं बेअरिंग बदलून भागतं. हे पाठ असलेला मेकॅनिक लेथवाल्याचे निम्मे पैसे वाचवतो.

उरलेले निम्मे मात्र लेथवाल्यालाच द्यायचे असतात, आणि या बाबतीत सोलापूर नशीबवान. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली, तेव्हापासून या गावात यंत्र आणि यंत्र दुरुस्त करणारा माणूस दोघंही आहेत. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. अशोक चौकाकडे गेलात तर गल्लीत मागांची खडखड ऐकू येते, आणि जिथे माग तिथे जवळपास कुठेतरी लेथ. झिजलेलं चाक आणून टेबलावर ठेवायचं, दुसरं तसंच करून न्यायचं, ही इथली जुनी रीत. ड्रॉइंग कोणी मागत नाही, नमुना मागतात. आमचे अण्णा असेच मागांचे पार्ट करत करत मोटरसायकलींकडे वळलेले. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, पोराला ओरडायला दखनी. त्यांच्याकडे नुसता पार्ट घेऊन गेलो की विचारतात, "ह्येला जोडायचंय ते कुटाय?" दोन्ही पार्ट समोर असल्याशिवाय ते मशीनला हात लावत नाहीत. "माप सांगून काम करत्यात ते पेपरवाले. मला वस्तू दाव."

आता डिस्ककडे येतो. डिस्क एकटा कधीच येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. डिस्क हवा तर डिस्कचा हब हवा. हब घेतला तर कॅलिपर टांगायला कान लागतात, ते आरएक्सच्या ड्रमवाल्या शॉकअपला नाहीत. म्हणजे शॉकअपची जोडी बदलली. त्या नळ्या जाड, दोन्ही शॉकअप धरणाऱ्या जुन्या टी-मध्ये जात नाहीत. म्हणजे टी बदलली. टी बदलली की तिचा मधला दांडा आरएक्सच्या चेसीच्या गळ्यात लांबीला आणि कप-कोनच्या मापाला जुळत नाही. एक ब्रेक मागितला होता. गाडीचा अख्खा पुढचा भाग हातात आला.

इथे दोन वाटा फुटतात. एक स्वस्त: दांडा कापायचा, तुकडा जोडायचा, वेल्डिंग मारायचं, वरून काळा रंग द्यायचा. असं काम आमच्याकडे दुरुस्तीला आलं की मी आधी रंग खरवडून बघतो. हँडल ज्या दांड्यावर फिरतं, पुढच्या चाकाचा प्रत्येक खड्डा ज्या दांड्यावर येतो, तिथे वेल्डिंगच्या कडेला पडलेली केसाएवढी चीर कधी उघडेल सांगता येत नाही. दुसरी वाट वेळखाऊ. अण्णा आरएक्सच्या जुन्या टी-तून दांडा प्रेसखाली काढतात. नव्या टी-चं भोक मोजतात: तीन ठिकाणी, कारण भोक वापराने अंडाकार झालेलं असू शकतं. मग एक बुश वळतात. ही बुश बघण्यासारखी असते. लेथवर कातणी सुरू असताना सुरुवातीला निळसर, वळलेल्या लांब चिंध्या पडतात. माप जवळ आलं की चिंध्यांचा चुरा होतो. आणि शेवटच्या फेऱ्यात अण्णा चाक थांबवून, हाताने पुसून, मायक्रोमीटर लावतात. धातू तापला की माप फुगतं म्हणून मे महिन्यात ते हे काम सकाळी लवकर घेतात; दुपारी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडच माणसाहून गरम असतं. बुश बोटाने आत सरकली तर वाया गेली. प्रेसच्या दाबाखाली, आवाज करत, सावकाश बसली पाहिजे.

पुढचा हिशेब उंचीचा. नंतरच्या पल्सरचं अलॉय चाक १७ इंची, आरएक्सचं १८. रिम एक इंचाने लहान म्हणजे, टायरची उंची तीच धरली, तरी एक्सल अर्धा इंच खाली आला. शॉकअप आखूड असेल तर आणखी खाली. आरएक्सच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण सव्वा मीटर. पुढचा भाग दोन-सव्वादोन सेंटीमीटर खाली बसला की सगळी चेसी पुढे कलते आणि हँडलचा कोन जवळजवळ एका अंशाने उभा होतो. कागदावर एक अंश काहीच नाही. पण हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीला जिथे टेकते आणि टायर जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधल्या अंतरावर गाडीचं सरळ चालणं अवलंबून असतं. ते अंतर कमी झालं की गाडी गल्लीत हलकी वाटते, पोरगं खूश होतं. आणि हायवेवर ट्रकच्या वाऱ्यात हँडल वळवळायला लागतं.

म्हणून मी अलॉयच्या मागे जात नाही. २००१ साली आलेल्या पहिल्या पल्सरला आरेवालं १८ इंची चाक होतं. तो हब भंगारात शोधायला लागतो, पण एकदा मिळाला की संपला विषय. हब झिजत नाही. त्यावर १८ इंची रिम आऱ्यांनी बांधून घ्यायची. झिजतात ते पॅड, सील, बेअरिंग, केबल. ते मात्र चालू गाडीचेच घ्यायचे, सांगोल्यात, मोहोळमध्ये, अक्कलकोटमध्ये काउंटरवर मागितल्याबरोबर मिळतील असे. न झिजणारा पार्ट दुर्मीळ असला तरी चालतो, झिजणारा असून चालत नाही. परका पार्ट निवडायची माझी कसोटी एवढीच, आणि ती भारीपणाची नाही. मोठ्या स्पोर्ट्स गाडीचा कॅलिपर दिसायला झकास असतो. पण त्याचे पॅड पुण्याहून मागवायचे, आणि ते येईपर्यंत गाडी ब्रेकविना उभी.

ब्रेक बसवल्यावरही हाताला तो कसा लागतो हे बघायचं असतं. कॅलिपर एका गाडीचा आणि वरचा मास्टर सिलिंडर दुसरीचा असेल तर घोटाळा होतो. मास्टरचा बोअर ११ मिलीमीटरच्या जागी १२.७ आला तर फरक दीड-पावणेदोन मिलीमीटरचा, पण तेल ढकलणारं क्षेत्रफळ एक तृतीयांशाने वाढतं. तेवढ्याच ब्रेकसाठी बोटांना तेवढाच जास्त जोर लागतो. लिव्हर दगडासारखी लागते आणि गिऱ्हाईक म्हणतं, डिस्क लावून काय उपयोग झाला? त्यामुळे वरचा आणि खालचा एकाच गाडीचा घ्यावा. तसंच स्प्रिंगचं. पल्सर आरएक्सहून बरीच वजनदार. तिची स्प्रिंग शंभर किलोच्या गाडीखाली दबतच नाही, आणि न दबणारं चाक खडीवर उड्या मारतं. उडालेल्या चाकाला कितीही चांगला डिस्क असला तरी तो हवेलाच ब्रेक लावतो. मऊ स्प्रिंग टाकली की निम्मी तक्रार मिटते.

हे सगळं जुळलं की गाडी तुळजापूरला न्यायची. पंचेचाळीस किलोमीटर, शेवटी घाट. चढताना इंजिन कळतं, उतरताना माझं काम कळतं. घाटात मागे कोणी नाही असं बघून हँडलवरची पकड सैल करायची: गाडी एका बाजूला ओढते का? ब्रेक तीन-चारदा सलग दाबायचा: लिव्हर खोल जायला लागली का? खाली उतरल्यावर हब आणि बेअरिंगला हात लावून बघायचा. डिस्कला मात्र लावायचा नाही. शिकाऊ पोरं हा धडा एकदाच घेतात.

मला काय करायचं नाही हेही ठरलेलं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. म्हणून मोठ्या सीसीचा ब्लॉक नाही, परकं इंजिन नाही, चेसी कापून मागची शेपटी आखूड करणं नाही, आणि कान फाडणारा सायलेन्सर तर नाहीच. पुढच्या भागाचं काम घेतानाही गिऱ्हाइकाला आधी सांगतो, की आरटीओच्या इन्स्पेक्टरपुढे ही गाडी उभी करायची वेळ येईल तेव्हा तुला उत्तर द्यायला लागेल. ती तयारी नसेल तर मूळ ड्रम चांगला करून देतो. कित्येकदा ड्रमचं लायनर कातून, नवे शू त्याला घासून बसवून, केबल बदलून दिली, की गिऱ्हाईक डिस्कचं नाव काढत नाही. यात मला पैसे कमी मिळतात, पण डोक्याला ताप नाही.

आणि चेसीला ग्राइंडर लावायचा नाही, हा नियम कायद्याच्याही आधीचा. मूळ टी, मूळ शॉकअप, ड्रम प्लेट, सगळं तेल लावून पोत्यात बांधून मालकाला परत. लोक हसतात. "भंगार कशाला देताव बे?" पण आज ज्याला डिस्कची हौस आहे त्यालाच दहा वर्षांनी मूळ आरएक्स हवी असते, आणि तेव्हा कापलेली चेसी लेथवर वळून मिळत नाही.

शेवटचं काम पाचशे रुपयांचंही नाही, पण मी ते कधी सोडत नाही. एका जाड कागदावर सुवाच्य मराठीत यादी लिहायची: कॅलिपर अमुक गाडीचा, पॅड तमुकचे, पुढचं बेअरिंग या नंबरचं, ऑइल सील या मापाचं, टी-तली बुश लेथवर केलेली, ठोकू नये. वर ठळक लिहायचं, 'कुठल्या गाडीचं काय'. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सीटखाली चिकटवायचा. मिसळ केलेल्या गाडीची माहिती एका माणसाच्या डोक्यात राहिली तर ती गाडी त्या माणसाची गुलाम होते. तो गावाला गेला की गाडी बसली. काही मेकॅनिकना तेच हवं असतं, गिऱ्हाईक बांधलेलं राहतं. मला वाटतं, आपल्या हातची गाडी अनोळखी माणसाला उघडता आली, तरच ती नीट केली म्हणायची.

गेल्या पावसाळ्यानंतर अशीच एक आरएक्स सर्व्हिसिंगला परत आली. सीट काढली तर माझ्या यादीखाली दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात, बॉलपेनने, एक ओळ वाढलेली: 'मेन स्टँड स्प्रिंग – एम-एटीची. बसते.' मालकाला विचारलं तर म्हणाला, करमाळ्याकडे स्प्रिंग तुटली, तिथल्या एकाने कागद वाचला, दहा मिनिटांत काम केलं आणि पेन मागितलं. मी ती स्प्रिंग ओढून बघितली. चांगली होती. आता तशा चार आणून ठेवल्यात.